मुका मान

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो आईच्या बडबडीनं. चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटत असायचं आणि त्याच्यासमोर बसून आई एकेकाची हजेरी घ्यायची. आण्णांनी ओली घोंगडी तशीच बाजेवर टाकली, धाकट्यानं शेरडांना पाणी दाखवलं नाही, आणि मी, म्हणजे तिची थोरली लेक वैशाली, सांगलीला जाऊन बटणं दाबायला शिकते पण डोळ्यांदेखत चहा उतू जातो तो मला दिसत नाही. वर पत्रा होता. उन्हं वर आली की तो कडकड वाजायला लागायचा, जणू आईच्या बोलण्याला कुणी वरून होकार देतंय. आण्णा मात्र वाटीतलं माडगं फुंकत, मिशीला लागलेलं पुसत, एक अक्षर न बोलता उठायचे आणि डाळिंबाच्या बागेकडं चालू लागायचे. त्यांचं सगळं बोलणं बहुधा लहानपणीच मेंढरांशी बोलून संपलं असावं.

आटपाडीच्या पुढं, माळावर आमची वस्ती. आण्णांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. पाऊस सरला की कळप घेऊन कृष्णाकाठी उतरायचं, बागायतदारांच्या रानात मेंढरं बसवायची आणि उन्हाळा सरताना माघारी फिरायचं. मीही त्या वाटेवर घोड्याच्या पाठीवर भांड्यांच्या गठड्यात बसून फिरलेली आहे. पुढं रानाला पाणी आलं, आण्णांनी मेंढरं विकून डाळिंब लावलं, आणि मी कॉलेजात गेले त्या सुमाराला पत्र्याच्या घराशेजारी पक्कं घर उभं राहिलं. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, आणि आईच्या जिवाचा तुकडा म्हणजे स्वयंपाकघरातला काळ्या कडाप्प्याचा ओटा. अजून राहायला गेलो नव्हतो, तरी रोज संध्याकाळी आई फडकं घेऊन जायची आणि त्या कोऱ्या ओट्यावरची धूळ पुसून यायची. गावच्या बिरोबाची यात्रा झाली की पुढच्याच आठवड्यात वास्तुशांत ठरली होती. यात्रेत घराचा मान घेतल्याशिवाय आमच्याकडं कुठलंच शुभकार्य होत नसे.

हा मान म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. यात्रेच्या दिवशी दिवेलागणीला देवळासमोरच्या पटांगणात सगळी घरं गोल करून बसतात. पुकारा करणारा एकेका घराचं नाव घेतो. नाव झालं की ढोल दणाणतात, त्या घरचा कर्ता माणूस उठून देवापुढं जातो, पुजारी त्याच्या कपाळी भंडारा लावतो आणि तो माघारी येऊन बसला की पुढचं नाव. क्रम पूर्वापार ठरलेला. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल त्या घराचं मात्र नाव घेत नाहीत. त्याची पाळी आली की पुकारा थांबतो, ढोल थांबतात, सगळं पटांगण गप्प होतं. मग कैताळाचा, म्हणजे मोठ्या झांजेचा, एकच ठोका पडतो आणि त्या घरचं माणूस त्या शांततेत देवापर्यंत चालत जाऊन येतं. याला आम्ही मुका मान म्हणतो. हा मान घेतला की त्या घराचा दुखवटा फिटला, लग्नकार्याला वाट मोकळी. पाळी हुकली तर पुढच्या यात्रेपर्यंत त्या घरात ना लग्न, ना वास्तू, ना सणाचं गोडधोड, आणि त्या यात्रेत त्या घराला मानही मुकाच. आणि एकदा पुढच्या घराचा मान झाला की मागच्याला उठता येत नाही.

त्या वर्षी मुका मान हिराकाकीच्या घराचा होता. काकी आमची शेजारीण, नात्यानंही लांबची चुलती. तिचे मालक, आमचे बाळूकाका, कृष्णाकाठी मेंढरांच्या वाड्यावर छातीत कळ येऊन गेले होते. पदरी एकच लेक, सुमी, माझ्याच वयाची. मी शाळेत पुढं गेले, ती मेंढरांमागं गेली, पण सुट्टीला मी आले की आम्ही दोघी काकीच्या हातचा खर्डा-भाकरी खात दुपारभर बोलत बसायचो. सुमीचं लग्न ठरलं होतं. मुलगा लोणंदला कारखान्यात होता आणि त्याच्या घरच्यांना घाई होती, कारण त्याची आजी अंथरुणाला खिळलेली. यात्रेत मुका मान झाला की लगेच हळद, असं बोलणं झालेलं.

मी तेव्हा सांगलीला विश्रामबागेत खोली घेऊन राहत होते आणि कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकत होते. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम फार शिस्तीच्या. अक्षरांच्या ओळीला स्ट्रिंग म्हणतात हे त्यांनी पहिल्या तासाला हातात मण्यांची माळ धरून समजावलं होतं. मणी काढत काढत शेवटी त्यांनी नुसता दोरा वर धरला. "ही रिकामी स्ट्रिंग. दोरा आहे, मणी नाही. आणि हा माझा दुसरा हात, यात दोराच नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, परीक्षेत एक करू नका." तिसरा प्रकार आणखी फसवा. कुणीतरी नुसती स्पेसबार दाबलेली असते. दिसायला रिकामं, आत मात्र एक न दिसणारा मणी. म्हणून आधी कडेच्या स्पेस झाडून टाकायच्या आणि मगच रिकामं आहे का ते तपासायचं. "लोक काहीही भरतात, काहीही सोडतात. तपासल्याशिवाय एक पाऊल पुढं टाकू नका," हे त्यांचं पालुपद. मला ते इतकं पाठ झालं होतं की खानावळीत आमटीची वाटी आली तरी मी आधी आत वाकून बघायची.

आता अशी विद्या अंगात आल्यावर माणूस गप्प कसा बसेल? गावात पुकारा करायचे नामूतात्या. त्यांच्या घशाचं मिरजेला ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, नुसती कुजबुज उरली. यात्रेचं कसं करायचं म्हणून पंच बसले तेव्हा मी सुट्टीला घरी होते. कुणी विचारायच्या आत मीच म्हणाले की मी कॉम्प्युटरवर करते, पांढऱ्या पडद्यावर एकेका घराचं नाव मोठ्या अक्षरात येईल. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! पण मंडळींना ते आवडलं. एकानं तर आण्णांच्या पाठीवर थाप मारली, "लेक लय हुशार हाय रं तुजी." आण्णा मान खाली घालून हसले. ते हसू मला सांगलीपर्यंत पुरलं.

नामूतात्यांनी मला शेजारी बसवून घरांचा क्रम सांगितला. त्यांची कुजबुज ऐकायला मला कान अगदी तोंडाशी न्यावा लागे. सांगता सांगता ते हिराकाकीच्या घराशी आले आणि थांबले.

"हितं नाव न्हाई. हितं मोकळं सोड."

"व्हय तात्या."

"त्याच्याफुडं तुमचं घर."

मी मोकळं सोडलं. इतकंच नाही, जागा धरून राहावी म्हणून तिथं मी एकदा स्पेसबार दाबली. मला ठाऊक होतं ती जागा कुणाची आहे. बाळूकाकांच्या मयतीला मीच सुमीला धरून बसले होते. हे सगळं मला माहीत होतं, हेच आज लिहितानाही टोचतं. काही ठाऊकच नसतं तर लाज एवढी खोल गेली नसती.

सांगलीला परत आल्यावर मी कॉलेजातल्या दोघी-तिघींना प्रोग्रॅम चालवून दाखवला. भिंतीवर नावं एकामागून एक येत होती, त्या माना डोलवत होत्या. मध्येच भिंत पांढरी झाली. एक जण खो खो हसली आणि म्हणाली, "बंद पडलं का गं तुमच्या देवाचं?" मी ओशाळले. एवढ्या गावापुढं पडदा असा कोरा पडला तर लोक काय म्हणतील, आण्णांच्या लेकीचं यंत्र बिघडलं म्हणतील, याच विचारानं मला घाम फुटला. मॅडमचं पालुपद आठवलं आणि मी तिथल्या तिथं एक ओळ वाढवली. कडेच्या स्पेस झाडा, मग बघा, नाव रिकामं असेल तर थांबू नका, पुढच्या नावावर जा. पुन्हा चालवलं. नावं आता कशी सलग, गुळगुळीत येत होती. बाळूकाकांची जागा मी झाडून टाकली होती आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. कॉम्प्युटरपुढं बसले की गावातली मी कुठं जायची कोण जाणे.

यात्रेच्या दिवशी सकाळपासून वस्तीवर मटणाच्या रश्श्याचा वास. आईनं तांबडं लुगडं नेसलं होतं आणि मला सारखी म्हणत होती, "वैशे, केसं नीट बांद. समदं गाव तुज्याकडं बगनार हाय." ते तिचं म्हणणं खरं ठरलं. दिवेलागणीला पटांगण भरलं. देवळाच्या बाजूला पांढरं कापड ताणलेलं, मी टेबलाशी लॅपटॉप घेऊन, शेजारी खुर्चीवर नामूतात्या, त्यांच्या मांडीवर कैताळ. पहिलं नाव पडद्यावर उमटलं आणि सगळे "आँ" करून बघत राहिले. ढोल सुरू झाले. मी बटण दाबत होते, नावं येत होती, माणसं उठत होती, भंडारा उधळत होता. लॅपटॉपसुद्धा पिवळा झाला होता. मधूनच मी आण्णांकडं बघायची. ते पडद्याकडं न बघता माझ्याकडं बघत होते.

हिराकाकीच्या आधीचं घर झालं. काकी पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली आणि दोन पावलं पुढं आली, कारण तिच्या पाळीला कुणी हाक मारणार नव्हतंच. सुमी मागं हात जोडून बसली होती. मी बटण दाबलं. पडद्यावर भल्यामोठ्या अक्षरात आमच्या घराचं, आण्णांचं नाव आलं. ढोलकऱ्यांनी नाव बघितलं आणि टिपरू मारलं.

काकी मोकळ्या पटांगणात एकटीच उभी राहिली. तिनं पडद्याकडं बघितलं, मग ढोलकऱ्यांकडं, मग माझ्याकडं. मी बटणांवर बटणं दाबत होते. मागं जायची सोयच मी केलेली नव्हती. मागं कशाला जावं लागेल, असं मला वाटलं होतं. नामूतात्या हात हलवत होते, तोंड उघडत होते, पण त्यांच्या कुजबुजीला ढोलापुढं कोण विचारतो! त्यांच्या गळ्याच्या शिरा फुगलेल्या मला दिसल्या. आण्णांनी आता उठून चार पावलं टाकली असती की सगळं संपलं असतं. काकीचा मान गेला असता आणि सुमीचं लग्न वर्षभर, बहुधा कायमचंच, मोडलं असतं. लाजेनं माझ्या कानात रक्त वाजत होतं आणि पडद्यावर आमचं नाव लखलखत होतं.

आण्णा नावावर अर्धवट उठले होते. त्यांनी काकीकडं एकदा बघितलं आणि ते परत खाली बसले. नुसते बसले नाहीत, घोंगडीवर मांडी घातली, डोक्यावरचा फेटा काढला आणि मांडीवर ठेवला. ज्याचा पुकारा झाला तो उठला नाही की ढोल थांबतात आणि त्या घराचा मान जातो, हा नियम तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक. आई त्यांच्याकडं बघून म्हणाली, "आवं, उठा की! आपलं नाव हाय."

ढोल थांबले. पटांगण गप्प झालं. तेवढ्या शांततेत नामूतात्यांनी कैताळाचा ठोका दिला. हिराकाकी चालत गेली, कपाळी भंडारा घेतला आणि चालत आली. पडद्यावर तेवढा वेळ आमचं नाव तसंच होतं. ते पुसायचं कसं, हेसुद्धा मला तेव्हा सुचलं नाही.

घरी आलो. रश्श्याचं पातेलं आईनं झाकून ठेवलं ते सकाळी शेजारी वाटलं. तिनं मला एकच वाक्य ऐकवलं, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," आणि मग वर्षभर त्या विषयावर ती एक शब्द बोलली नाही. माझी आई गप्प बसते, याहून मोठी शिक्षा मला माहीत नाही. आण्णांनी नव्या घराला कुलूप लावलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली. मी रडत त्यांच्यापुढं गेले तर म्हणाले, "जेवलीस का?"

सुमीचं लग्न झालं. मी मांडवात मागंमागं लपत होते, तर हिराकाकीनंच हाताला धरून मला हळद लावायला पुढं नेलं. "येडे, माजी वाट झाली की. तुमची अडली," ती म्हणाली आणि तिचेच डोळे भरले. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्या कुठंतरी ठेवल्या असत्या. तिची माया कुठं ठेवावी ते मला समजेना.

ते वर्ष आम्ही पत्र्यातच काढलं. आमच्याकडं पाऊस फारसा पडत नाही, पण त्या साली पडला. आई गळक्या जागी पातेली मांडायची आणि हात लांब करावा एवढ्या अंतरावर आमचं कोरडं, पक्कं घर कुलपात. शेरडं मजेत त्याच्या पडवीत जाऊन बसायची. दिवाळीला करंज्या नाहीत, संक्रांतीला तीळगूळ नाही. कुणी पाहुणा विचारायचा, घर तर झालंय, मग राहायला का जात नाही? आण्णा म्हणायचे, "जाऊ की, घाई काय हाय." माझं नाव त्यांनी कुणापाशी काढलं नाही. आईचं फडकं खुंटीला टांगलेलं असायचं. बंद खिडकीच्या काचेतून ओट्यावर साठलेली धूळ दिसायची. सुट्टीला आले की मी त्या खिडकीच्या बाजूनं जायचं टाळायची.

आता मी साताऱ्याला मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते. केस पांढरे झाले, भाषा बदलल्या, पण रिकाम्या स्ट्रिंगचा धडा आहे तिथंच आहे. मुलं झटपट ओळ लिहून टाकतात, रिकामं असेल तर पुढं जा. मी विचारते, ही जागा कुणी सोडली, आणि का सोडली? मुलांना वाटतं बाई उगाच वेळ खाताहेत. कधी कधी वर्गात हे विचारताना माझे कान गरम होतात आणि मी फळ्याकडं तोंड करते.

ते पत्र्यातलं वर्ष सरलं आणि पुढची यात्रा जवळ आली, तेव्हा पंचांनी पडदा नको असं ठरवलं होतं. नामूतात्या आडवे आले. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि कानाशी कुजबुजले, "दुरुस कर. माज्याच्यानं आता हुईत न्हाई." मी ती ओळ काढली. मागं जायची सोय केली. आणि नाव नसेल तिथं पडदा कोरा राहील, माणूस बटण दाबेपर्यंत तसाच राहील, असं केलं. बटण दाबायला मात्र मी बसणार नव्हते, माझी छाती नव्हती. सुमी लोणंदहून माहेरी आली होती, ती म्हणाली, "मी बसते. मला फकस्त कुठलं बटन त्ये दाव."

संध्याकाळी आम्ही पटांगणात बसलो. त्या वर्षी मुका मान आमचा होता, कुणी मेलेलं नसताना. हिराकाकीच्या घराचं नाव पडद्यावर आलं, ढोल दणाणले, काकी जाऊन आली. आण्णा उठतील म्हणून मी बाजूला सरकले, तर त्यांनी माझ्या दंडाला धरलं.

"तू जा."

"आण्णा, मला लाज वाटत्या. तुमी जावा."

"म्हनूनच तू जा. नव्या घरात लाज घिऊन जायाची न्हाई."

पडदा पांढरा झाला. ढोल थांबले. नामूतात्यांचं कैताळ वाजलं आणि मी उठले. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. गेल्या वर्षी सकाळी आई म्हणाली होती तसंच. पायाखालची माती अजून दिवसाच्या उन्हानं कोमट होती. पुजाऱ्यानं कपाळी भंडारा लावला तेव्हा मी तिथंच, देवापुढं, खाली बसले आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडायला लागले. मला उठताच येईना. गर्दी होती, अजून कितीतरी घरांचे मान राहिले होते, ढोलकरी टिपरू उगारून बसले होते. मी डोळे पुसत मागं वळून बघितलं. सुमीनं बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला होता आणि तिच्यामागं पडदा कोराच होता.

मी आण्णांशेजारी येऊन बसले. त्यांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातून आईला दिली. मग सुमीनं पुढचं नाव लावलं.